सेमिनरीतून फॅमिली थेरपी शिकून आले, आता मुंबईत काय करते?

भायखळ्याची_चिमणी | रविवार, रात्री ९:४०

मागे एका धाग्यावर ओघात लिहून गेले की मी मॅरेज अँड फॅमिली थेरपीचं शिक्षण घेतलं आणि तेही ख्रिस्ती सेमिनरीत, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेत. तेव्हापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतायत. निम्म्यांना व्हिसाचं विचारायचंय, उरलेल्यांना वाटतंय मी सिस्टर झाले. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

माझं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) मुंबईतलंच. नंतर सात वर्षं शाळेत समुपदेशक होते. आई मुलाला हाताला धरून घेऊन यायची. 'हा ऐकत नाही हो, अभ्यासात लक्ष नाही.' दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळायचं की घरात आई-बाबा सहा महिने एकमेकांशी बोललेले नाहीत. सगळे निरोप या दहा वर्षांच्या पोरामार्फत जातात. 'बाबांना सांग, जेवण झालंय.' तो अभ्यास काय करणार, त्याला पोस्टमनची पूर्णवेळ नोकरी लागलेली. मी त्याला एकट्याला बसवून एकाग्रतेचे व्यायाम शिकवत होते! आपलं काहीतरी चुकतंय हे कळत होतं, नेमकं काय ते कळत नव्हतं. जिला घेऊन आलेत ती व्यक्ती बाजूला ठेवायची आणि घरातली नाती कशी फिरतात ते बघायचं, हे मला नंतर शिकायला मिळालं.

अमेरिकेत हा स्वतंत्र परवाना असलेला व्यवसाय आहे. कॅलिफोर्नियाने १९६३ साली सगळ्यात आधी तो परवाना सुरू केला. तिथे ६० सेमिस्टर युनिटांची मास्टर्स, मग देखरेखीखाली ३,००० तास काम. त्यातले निदान ५०० तास जोडपी, कुटुंबं आणि मुलं यांच्याबरोबर. शेवटी दोन परीक्षा, एक कायदा-नीतीची आणि एक प्रत्यक्ष कामाची.

सेमिनरी म्हणजे फक्त पाळक तयार होतात असा आपल्याकडे समज आहे. पसाडिनाच्या फुलर सेमिनरीने मात्र १९६५ साली मानसशास्त्राची स्वतंत्र शाखाच काढली. (मी तिथे नव्हते, कॅलिफोर्नियातच दुसरीकडे होते.) अशा ठिकाणी थेरपीचे पेपर इतर विद्यापीठांसारखेच असतात. बोवेन, मिनुचिन, सू जॉन्सन असे फॅमिली थेरपीतले सगळे मोठे लोक आहेत. जोडीला धर्मशास्त्राचे काही पेपर, आणि दोन्हीची सांगड घालायचा एक तास असतो. त्याला सगळे इंटिग्रेशन म्हणतात. फुलरचे बॉल्सविक पती-पत्नी कुटुंबाचा विचार चार शब्दांत मांडतात: करार, कृपा, सामर्थ्य देणं, जवळीक. करार म्हणजे इथे अटी नसलेला करार. लग्नाचा हॉल बुक करताना करतो तो नव्हे.

पण मला सगळ्यात जड गेला तो जेनोग्राम. आपल्याच घराचा तीन पिढ्यांचा नकाशा काढायचा. पुरुष चौकोन, बाई गोल, भांडण नागमोडी रेघ, संबंध तोडले असतील तर रेघ मधेच कापायची. सुट्टीत घरी आले होते तेव्हा कालनिर्णयच्या जुन्या पानाची पाठकोरी बाजू घेऊन स्वयंपाकघरात फरशीवर बसले. आई मटार सोलत होती. आजोबा, आजी, त्यांची पाच मुलं असे गोल-चौकोन काढत गेले. आईने पानाकडे बघितलं, एक शेंग सोलली, दुसरी सोलली आणि म्हणाली, 'सहा.' मी म्हटलं, 'काय सहा?' म्हणे, 'सहा मुलं होती. तुझी एक मावशी आहे. मंडळीबाहेर, आपल्या चर्चबाहेर लग्न केलं म्हणून अण्णांनी तिचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं होतं.' चौतीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मावशी दादरला राहते, आमच्यापासून चार स्टेशनं लांब!

हा गृहपाठ वर्गात मांडायचा असतो. त्यावर प्राध्यापक विचारतात, की तुमच्या घरात देवाचं नाव घेऊन काय काय केलं गेलं? तिथे माझी बोबडी वळली.

विचारा काय विचारायचंय ते.

---

चौथी_सीट | रविवार, रात्री १०:०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सरकून घ्या जरा.

---

तर्कट | रविवार, रात्री ११:१५

लेखनशैली छान. पण मुद्द्याचं विचारतो, राग मानू नका. थेरपी म्हणजे शास्त्र असेल तर त्याला 'ख्रिस्ती' कशाला लावायचं? उद्या कुणी वैष्णव दंतवैद्यक काढेल. आणि नवरा-बायकोचं वाजलेलं असताना माणूस आधीच हळवा झालेला असतो. त्याच वेळी समोरची बाई बायबल काढणार नाही याची खात्री काय? समुपदेशनाच्या आडून धर्मप्रसार, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर द्याल?

---

अभ्यासू_कासव | सोमवार, सकाळी ७:३०

ताई, मी बीए सायकॉलॉजी, शेवटचं वर्ष, ठाणे. मला अगदी हेच करायचं आहे. घरून विरोध नाही पण पैशांचा प्रश्न आहे. ऑनलाइन मास्टर्स केलं तर चालेल का? तिकडे ३,००० तास पूर्ण करून परत यावं की आधीच? भारतात हा परवाना मिळतो का?

---

भायखळ्याची_चिमणी | सोमवार, दुपारी १:२०

डबा खाता खाता लिहितेय.

@तर्कट, राग कसला. हा प्रश्न मला सेमिनरीतच पहिल्या आठवड्यात विचारला गेला. तिकडच्या थेरपिस्टांची जी व्यावसायिक संघटना आहे, तिच्या नीतिनियमांत स्पष्ट आहे की लग्न, घटस्फोट, वेगळं राहणं, पुन्हा एकत्र येणं हे निर्णय अशिलाचे आहेत आणि ते तसं त्याला सांगायचं. ख्रिस्ती संस्थेत शिकलात म्हणून यातून सूट नाही. आता तुम्ही म्हणाल, नियम काय, कागदावर असतात. म्हणून माझीच फजिती सांगते.

दुसऱ्या सत्रात आम्ही खऱ्या लोकांबरोबर काम करायला लागलो. खोलीला एकमार्गी आरसा असतो, पलीकडे अंधारात सुपरवायझर आणि वर्गातली चार मुलं. आत भिंतीला फोन. एक वयस्कर बाई आल्या होत्या (तपशील बदललेत). अर्धा तास नातवंडांचं वगैरे बोलल्या, मग नवऱ्याचं नाव काढलं, थांबल्या आणि म्हणाल्या, 'माझ्यासाठी प्रार्थना करशील?' मला काय, लहानपणापासून सवय. मी लगेच डोळे मिटले आणि बऱ्यापैकी चांगली प्रार्थना केली. आमेन म्हटल्याबरोबर बाईंनी पर्स उचलली. मग फोन वाजला. सुपरवायझर एवढंच म्हणाल्या, 'प्रार्थनेची गरज तिला होती की तुला?'

बाई नवऱ्याबद्दल काहीतरी सांगायच्या बेतात होत्या, आणि ते ऐकायला लागू नये म्हणून मी प्रार्थनेचं झाकण लावलं. त्या सेमिस्टरभर त्यावरच चर्चा झाली. साध्या विद्यापीठात कदाचित 'प्रार्थना करायची नाही' एवढ्यावर विषय मिटला असता. इथे मला आठ पानं लिहावी लागली की मी कधी कधी आणि कशाला घाबरून प्रार्थना करते. 'ख्रिस्ती' हा शब्द माझ्यासाठी त्या आठ पानांपुरता आहे हो. अशिलावर तो लावायचा नाही. अशिलाने स्वतःहून देवाचा विषय काढला तर मात्र मी बिचकत नाही, सासूचा विषय काढल्यावर ऐकते तसंच ऐकते.

सगळ्या सेमिनरी अशा असतात असं नाही. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी श्रद्धेच्या आणि वागणुकीच्या संहितेवर सही करावी लागते. समलिंगी संबंधांबद्दल त्यात काय लिहिलंय ते नीट वाचावं. माझे तिथे खटके उडाले, अजूनही मनात खटका आहे. शिवाय १९७० च्या सुमाराला जे ॲडम्स यांनी एक वेगळाच पंथ काढला. त्यात मानसशास्त्र बाजूला, बायबलवरूनच कानउघाडणी करायची. तोही 'ख्रिस्ती समुपदेशन' म्हणूनच ओळखला जातो. तुमची भीती त्या बाबतीत खरी आहे.

@कासव, तुला संध्याकाळी लिहिते.

---

वसईवाली | सोमवार, दुपारी ३:०५

मला यातलं शास्त्र कळत नाही, पण अनुभव लिहिते. आमच्याकडे विवाहपूर्व शिबिर केल्याशिवाय फादर लग्न लावत नाहीत. शिबिर चांगलं असतं, डॉक्टर येतात, वकील येतात. पण लग्नानंतर काय? माझ्या चुलत बहिणीला नवरा मारायचा. एकदा कानाला इजा झाली. ती तीन वेळा मदत मागायला गेली. कुठे ते लिहीत नाही. तिन्ही वेळा एका वडीलधाऱ्या माणसाने दोघांना समोरासमोर बसवलं, तिला क्षमा करायला सांगितलं, हातात हात दिले आणि घरी पाठवलं. तिसऱ्या वेळी घरी गेल्यावर तिने बाहेर काय सांगितलं याचा हिशोब नवऱ्याने घेतला. आता ती माहेरी आहे. मिस्साला जाते, शेवटच्या बाकावर बसते.

तुमच्या त्या शिक्षणात याचं काय शिकवतात?

---

भायखळ्याची_चिमणी | सोमवार, संध्याकाळी ६:४५

वसईवाली, काम बाजूला ठेवून आधी तुम्हाला लिहितेय.

पहिली गोष्ट हीच शिकवतात, की जोडपं आलं तरी सुरुवातीला दोघांना वेगवेगळं भेटायचं आणि मारहाण, धाक, पैशांची कोंडी यांबद्दल सरळ शब्दांत विचारायचं. असं काही चालू असेल तर जोडप्याला एका खोलीत बसवून 'संवाद सुधारायचा' नाही. कारण तुम्ही लिहिलंय तेच. ती खोलीत खरं बोलते आणि त्याची किंमत घरी मोजते. तिथे आधी तिची सुरक्षितता, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची माहिती, माहेर, पोलीस, डॉक्टर. मुंबईत पोलिसांच्या आवारातच बायका-मुलांसाठी विशेष कक्ष आहेत. ते टिसने (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने) १९८४ पासून सुरू केले.

क्षमेबद्दल. एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ आहेत, क्षमा हाच त्यांचा आयुष्याचा अभ्यास. त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोराने खून केला, म्हणजे माणूस नुसता पुस्तकातून बोलत नाही. ते दोन गोष्टी वेगळ्या काढतात: सूड घेणार नाही असा निर्णय, आणि मनातला राग खरोखर निवळणं. दुसरीला वर्षं लागतात, आणि ती कुणी हातात हात देऊन होत नाही. परत नांदायला जाणं ही तर तिसरीच गोष्ट. तुमच्या बहिणीकडून तिन्ही एका दुपारी मागितल्या.

आणि बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रातलं 'पतीच्या अधीन' सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं वचन दोघांनी एकमेकांच्या अधीन असावं असं आहे. ग्रीक शिकवणाऱ्या सरांनी दाखवलं, की काही जुन्या हस्तलिखितांत पुढच्या वाक्याला स्वतःचं क्रियापदच नाही, ते आधीच्या वाक्यातून उसनं घेतलंय. म्हणजे पहिलं सोडून दुसरं म्हणताच येत नाही. मी तीस वर्षं उपासनेला गेले, हे कधी कानावर आलं नव्हतं.

बहिणीला सांगा, बाक कुठलाही चालतो.

---

कोर्टाची_पायरी | सोमवार, रात्री ८:३०

मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होते, आता निवृत्त. आधी वांद्र्याच्या त्या कोर्टातलं एक-दोन सांगते. ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू होतो. २००१ च्या दुरुस्तीपर्यंत बाईला नवऱ्याचा नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे, सोबत क्रौर्य किंवा टाकून देणं दाखवावं लागे. नवऱ्याला मात्र नुसता व्यभिचार पुरे. परस्परसंमतीची सोय २००१ मध्येच आली, तीही दोन वर्षं वेगळं राहिल्यावर. हिंदूंना एक वर्ष. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ते एका वर्षावर आणलं आणि २०२२ साली ती अटही घटनाबाह्य ठरवली. चर्चने तुमचं लग्न रद्दबातल ठरवलं म्हणून कायद्याने मोकळे झालात असं नसतं, हे सांगता सांगता माझा घसा बसलाय.

आता धागाकर्तीला प्रश्न. अमेरिकन पुस्तकं 'बाउंड्री' फार म्हणतात. मी ज्यांच्याशी बोलत होते ते दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण. सासू पडद्यापलीकडे. बाउंड्री आखायची कुठे, छतावर?

---

भायखळ्याची_चिमणी | सोमवार, रात्री १०:५०

मॅडम, नमस्कार! मीही हेच विचारून वर्गाला हसवलं होतं. पण मिनुचिनने आपली पद्धत बंगलेवाल्यांवर नाही बसवली. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या विल्टविक शाळेत हार्लेमची गरीब मुलं असायची, त्यांच्या घरच्यांबरोबर काम करताना ती घडली. त्याच्या लेखी सीमा म्हणजे भिंत नव्हे. कुणी कुणाच्या बोलण्यात कधी पडायचं, याचा घराने पाळलेला नियम म्हणजे सीमा.

परत आल्यावरचं माझं एक घर, चाळीतलं. नवरा-बायको महिनोन्‌महिने धड बोललेले नाहीत, कारण बोलायला लागले की सासूबाई पडद्याआडून दुरुस्ती करायच्या. सूनबाईंना वाटे वेगळं घर हाच उपाय. मुंबईत तो कुणाच्या खिशाला परवडतो? मी सासूबाईंनाच विचारलं, 'तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा कुठे बोलायचात?' बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, 'गॅलरीत. आमचे सासरे साडेनऊला बातम्या ऐकायचे तेवढा वेळ.' झालं, साडेनऊ ते दहा गॅलरी या दोघांची ठरली. सासूबाईंची अट एकच, सकाळचा पहिला चहा मुलाने त्यांच्याबरोबर घ्यायचा. दोन आठवड्यांनी सूनबाई म्हणाल्या, 'पहिले चार दिवस नुसते उभे होतो, काय बोलायचं तेच आठवेना.'

@कासव, आता तू. कायम लक्षात ठेव, परवाना पदवीला चिकटून विमानात येत नाही. भारतात मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट असा वेगळा परवानाच नाही. रिहॅबिलिटेशन कौन्सिल क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद करते, त्यात ही पदवी बसत नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात समुपदेशक येतात. मी आज उभी आहे ती एमएसडब्ल्यूच्या जोरावर, अमेरिकन पदवी त्यावरची साय आहे. आपल्याकडचे मानसशास्त्राचे ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रम यूजीसीने २०२५ पासून बंद केलेत, त्यामुळे तो रस्ता विसर.

तिकडचे तास: ३,००० पैकी जास्तीत जास्त १,३०० पदवीआधी मोजतात. उरलेले निदान १,७०० नंतर. पदवीनंतर काम करायला विद्यार्थी व्हिसावर मिळतात १२ महिने. बस, हिशोब कर. आजारी पडायलाही वेळ नाही. मी तास अर्धवट टाकून आले, वडिलांचं ऑपरेशन होतं. परवाना नाही माझ्याकडे. हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू.

इथल्या इथे शिकायचं तर टिस आहे, बंगळूरुला निमहान्स आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग जाऊन बघ. तिथे रुग्णाबरोबर घरचं माणूस राहायलाच लागतं. याची सुरुवात अमृतसरला झाली होती. १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांबरोबर ठेवलं. आपल्याला वाटतं कुटुंबाला उपचारात घेणं अमेरिकेतून आलं!

---

पाळकाचा_पोर | मंगळवार, सकाळी ६:१५

आयडीवरून कळलंच असेल. वडील पाळक, नगर जिल्ह्यात बदल्या. मंडळीतली सगळी भांडणं आमच्या जेवणाच्या टेबलावर. लोक रात्री अकराला दार वाजवायचे आणि पप्पा गंजी घालून ऐकत बसायचे. सल्ला बरेचदा चुकीचा असेलही, पण ते ऐकायचे. त्यांचं कोण ऐकणार? नंतर रक्तदाब, मग मधुमेह. धाग्यात तुम्ही आरशामागच्या सुपरवायझरबद्दल लिहिलंत ते वाचून सगळ्यात जास्त हेच वाटलं, की पप्पांना असा एक फोन कधीच आला नाही.

अवांतर १: रेव्हरंड टिळकांच्या घराचा जेनोग्राम काढून बघा. नारायण वामनांचा बाप्तिस्मा १८९५, लक्ष्मीबाईंचा १९००. मधल्या वर्षांचं लक्ष्मीबाईंनी स्वतःच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय आणि तेही हसवत हसवत. नवऱ्याने देव बदलला तेव्हा बायकोला कुणी विचारलं होतं?

अवांतर २: टिस १९३६ साली सुरू झालं, त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट. हे अमेरिकन मराठी मिशनचे, नागपाड्याला नेबरहूड हाउस चालवायचे. म्हणजे धागाकर्तीच्या भायखळ्यातच हे सगळं शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलंय.

---

तर्कट | मंगळवार, सकाळी ९:४०

आठ पानांचा मुद्दा पटला. पूर्ण नाही, पण पटला. त्या संहितेवर तुम्ही सही केलीत का, ते मात्र तुम्ही शिताफीने टाळलंत.

---

भायखळ्याची_चिमणी | मंगळवार, दुपारी १:३५

@तर्कट, केली. तेव्हा फार विचार न करता केली. आज करताना हात अडखळेल. वर्गातल्या एका मुलाने केली नाही आणि तो दुसऱ्या विद्यापीठात गेला. त्याला मी तेव्हा 'अति करतोस' म्हटलं होतं.

@पाळकाचा_पोर, सध्या महिन्यातून एका शनिवारी चार पाळक माझ्याकडे येतात. आपापल्या मंडळीतली गुंतागुंत नावं न घेता मांडतात, बाकीचे ऐकतात. पहिल्या वेळी दीड तास एकमेकांना वचनंच ऐकवत होते. तिसऱ्या वेळी एक जण म्हणाले, 'माझ्याच घरात तीन महिने अबोला आहे.' मग कुणी वचन काढलं नाही. चहा गार झाला.

लक्ष्मीबाईंचं घर मी खरंच वर्गात मांडलं होतं. एका कोरियन मुलीने नंतर येऊन विचारलं, हे पुस्तक इंग्रजीत मिळेल का, माझ्या आजीचं अगदी असंच झालंय.

---

वसईवाली | मंगळवार, रात्री ९:१०

बहिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. मोबाइल हातातून घेऊन तिने तो परत स्वतः वाचला. तीन गोष्टी एका दुपारी, यावर हसली जरा. बरं, ती मावशी? भेटलात का?

---

भायखळ्याची_चिमणी | मंगळवार, रात्री ९:५५

आई भेटली. मला नेलं नाही. येताना पिशवीत लोणच्याची बरणी होती, ती कुठून आली हे बाबांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. नकाशावरची कापलेली रेघ अजून तशीच आहे, आईला विचारल्याशिवाय मी जोडणार नाही.

---

चौथी_सीट | मंगळवार, रात्री ११:५०

पॉपकॉर्न संपले. एक विचारायचं होतं. आम्ही ख्रिस्ती नाही, चालतं का? व्यनि केलाय.

---

भायखळ्याची_चिमणी | बुधवार, सकाळी ७:०५

चालतं. माझ्याकडे येणारे निम्मे ख्रिस्ती नसतात. व्यनि वाचला. शनिवारी चारनंतर मोकळी आहे. आधी दोघांना वेगवेगळं भेटेन, ते मी सगळ्यांनाच भेटते, त्यामुळे त्यांना तसंच सांगा.